घाट ओलांडण्यापूर्वी इंजिनाची नाडी

जुहूच्या धावपट्टीपासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती पनवेलला स्पर्श करीत पुढे जाते आणि कर्जत व खालापूर या दोन गावांच्या मधून सह्याद्रीच्या भिंतीला भिडते. ही रेघ जेमतेम सव्वाशे किलोमीटरची आहे. प्रत्यक्षात छोट्या विमानाचा मार्ग हवाई वाहतूक नियंत्रकांच्या सूचनांप्रमाणे थोडा इकडेतिकडे वळतो. मात्र मुंबईहून देशावर जायचे तर घाट कोठे तरी ओलांडावाच लागतो. जेट विमानातील प्रवाशाला या घाटाचा पत्ताही लागत नाही. एका इंजिनाच्या, चार आसनी विमानाच्या वैमानिकाला मात्र तो कर्जतच्या अलीकडूनच समोर दिसू लागतो आणि त्याचे कान आपोआप इंजिनाकडे लागतात.

रेल्वेचा अनुभव यापेक्षा फार वेगळा नाही. बोरघाटाचा चढ सदतीसास एक इतका तीव्र असल्याने अनेक गाड्यांना कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडली जातात. फलाटावर वडा घेऊन डब्यात परतलेल्या प्रवाशाला जो हलका धक्का जाणवतो, तो या 'बँकर' इंजिनांचा. घाट चढण्याआधी ताकदीची खातरजमा पायथ्याशीच करून घ्यायची, हा १८६३ मध्ये लोहमार्ग घाटावर पोहोचल्यापासूनचा रिवाज आहे. छोट्या विमानाला मागून ढकलणारे कोणी नसते. त्याची खातरजमा उड्डाणापूर्वी जमिनीवरच व्हावी लागते, आणि ती खातरजमा ज्या एका दोषापुढे हमखास फसते, तो दोष म्हणजे अडकणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

बरे होणारे दुखणे

पहाटेच्या गारव्यात विमानाचे इंजिन सुरू होते. पहिली काही सेकंदे ते विचित्र हादरते, चार सिलिंडरांपैकी एक जणू झोपेतच आहे अशी त्याची लय बिघडते. वैमानिक भुवया उंचावतो. पण मिनिटभरात, कधी अर्ध्या मिनिटातच, थरथर थांबते आणि इंजिन नेहमीसारखे गुळगुळीत चालू लागते. धावपट्टीच्या टोकाशी होणाऱ्या सर्व चाचण्या व्यवस्थित पार पडतात आणि विमान उडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार घडतो. अमेरिकेतील विमान मेकॅनिकांनी या लक्षणाला 'मॉर्निंग सिकनेस', म्हणजे गरोदरपणातील सकाळची मळमळ, असे नाव दिले आहे. नाव गमतीचे आहे. पण पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथील लायकॉमिंग या इंजिन निर्मात्या कंपनीने सुरुवातीच्या या अडखळण्याकडे व्हॉल्व्ह अडकू लागल्याचा आगाऊ इशारा म्हणून पाहावे, असे आपल्या ग्राहकांना वारंवार बजावले आहे. भारतातील प्रशिक्षण संस्थांत वापरल्या जाणाऱ्या सेसना १५२ आणि सेसना १७२ या विमानांच्या अनेक आवृत्त्यांत याच कंपनीची इंजिने असतात.

बहुतेक दुखणी वाढत जातात म्हणून लक्षात येतात. हे दुखणे रोज बरे होते, आणि नेमका तेथेच धोका आहे.

केसाएवढी फट

अशा विमानाच्या पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून हवा आणि इंधनाचे मिश्रण आत येते, दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर पडतो. व्हॉल्व्हचा आकार लांब दांड्याच्या कुत्र्याच्या छत्रीसारखा. छत्री सिलिंडरचे तोंड बंद करते आणि दांडा एका धातूच्या नळीतून वरखाली सरकतो. या नळीला गॅरेजच्या भाषेत गाईड म्हणतात. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असताना हा दांडा गाईडमधून मिनिटाला १,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला २० वेळा, ये-जा करतो. पुशरॉड आणि रॉकर त्याला ढकलून उघडतात, तर स्प्रिंगा त्याला मागे खेचून बंद करतात.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या वाट्याला यातील सर्वांत वाईट काम येते. सहाशे-सातशे अंश सेल्सिअस तापमानाचे वायू त्याच्या छत्रीभोवतून आणि दांड्याच्या खालच्या भागाला चाटून जातात. दांडा व गाईड यांच्यामधील फट माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपासची असते. ती फार वाढली तर व्हॉल्व्ह डुलू लागतो, गरम वायू वर घुसतो आणि तेल जळते. ती फार कमी झाली तर व्हॉल्व्ह अडकतो.

फट कमी होते ती साचलेल्या किटणामुळे. गाईडमध्ये उतरलेले तेल उष्णतेने करपते आणि त्याचा कडक थर बसतो. त्यात शिशाच्या क्षारांची भर पडते. भारतात मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे २००० साली हद्दपार झाले, विमानांच्या पेट्रोलमधून मात्र ते गेलेले नाही. '१०० एलएल' या नावाने मिळणाऱ्या या इंधनात 'एलएल' म्हणजे 'लो लेड', कमी शिशाचे. तरीही त्यात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. इंधनात मिसळलेले ब्रोमिनयुक्त रसायन हे शिसे वायूरूप करून बाहेर नेण्याचे काम करते. पण त्यासाठी ज्वलनकक्ष पुरेसा तापलेला लागतो. धावपट्टीवर जाण्याची वाट पाहत विमान मंद गतीने, भरपूर इंधनाच्या मिश्रणावर खोळंबून राहिले की हे काम अर्धवट होते. उरलेले शिसे प्लगवर, तेलात आणि शेवटी गाईडमध्ये जाऊन बसते.

आता सकाळच्या थरथरीचा उलगडा होतो. थंड इंजिन सुरू होताच व्हॉल्व्हचा दांडा झटकन तापतो आणि प्रसरण पावतो. गाईड मात्र ॲल्युमिनियमच्या जाड, थंड हेडमध्ये बसवलेले असते आणि सावकाश तापते. मधल्या मिनिटभरात फट नेहमीपेक्षा कमी झालेली असते. किटण नसेल तर तेवढी फटही पुरते. किटण असेल तर दांडा आवळला जातो आणि तो सिलिंडर काम सोडतो. हेड तापून गाईड सैल झाले की दांडा सुटतो व चौथा सिलिंडर कामावर रुजू होतो. किटणाचा थर आणखी वाढला की हाच प्रकार भर उड्डाणात, इंजिन सर्वाधिक तापलेले असताना, म्हणजे चढणीवर होऊ शकतो. जुहूहून निघालेल्या विमानाची चढण संपते ती साधारण कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातच.

कर्जतवर काय घडू शकते

व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत अडकला तर सिलिंडरमध्ये दाबच निर्माण होत नाही. चारांपैकी एक सिलिंडर गेला म्हणजे पाव शक्ती गेली, असा हिशेब सामान्य माणूस करील. प्रत्यक्षात तोटा त्याहून अधिक होतो, कारण मेलेल्या सिलिंडरचा पिस्टन हलविण्याचे ओझे उरलेल्या तिघांवरच पडते. विमान समतल उडत राहू शकते, पण चढण्याची ताकद जवळजवळ संपते आणि सगळे विमान थडथडते. व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकला तर वेगळेच संकट उभे राहते. कॅमशाफ्ट पुशरॉडला ढकलतच राहतो, व्हॉल्व्ह हलत नाही, आणि मध्ये सापडलेला पुशरॉड वाकतो. त्याच्याभोवतीची नळी फुटली तर तेल बाहेर पडू लागते. तेलाविना इंजिन किती मिनिटे चालेल, हे कोणी सांगू शकत नाही.

समुद्रसपाटीपासून ५,००० फुटांवर असलेले सेसना १७२ कर्जतच्या मैदानावर इंजिन पूर्ण बंद पडले तरी एका फूट उंचीमागे साधारण नऊ फूट या प्रमाणात तरंगत पुढे जाते. म्हणजे १३ किलोमीटरच्या आसपास पल्ला आणि सहा-साडेसहा मिनिटांचा अवधी. घाट ओलांडून लोणावळ्यावर पोहोचल्यावर जमीनच २,००० फूट वर आलेली असते. तेथे हाच पल्ला आठ किलोमीटरवर आणि वेळ चार मिनिटांवर येतो. दोन्हींच्या मध्ये, राजमाचीच्या आणि नागफणीच्या कड्यांवर, खाली दऱ्या व जंगल असते आणि उतरायला जागा म्हणून काही नसते.

पायथ्याची जमीनही वरून दिसते तेवढी मवाळ नाही. उल्हास आणि पाताळगंगेच्या काठची भातखाचरे उन्हाळ्यात सपाट भासतात, पण दर काही पावलांवर बांध असतात. पावसाळ्यात तीच खाचरे चिखलाने भरलेली असतात. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाल्यापासून या परिसरातून उच्चदाबाच्या वाहिन्या मुंबईकडे गेल्या आहेत. गेल्या दोन-तीन दशकांत फार्महाऊस, कुंपणे आणि वसाहतींनी मोकळ्या जागा आणखी कमी केल्या. त्यामुळे इंजिन अंशतः चालत असताना घाटाकडे पाठ फिरवून पश्चिमेकडे वळणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी या भागापासून ३० किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. तीन सिलिंडरांवर रेटत चाललेल्या विमानाला ते अंतर कापण्यास बारा-पंधरा मिनिटे लागतील.

हवेत असताना वैमानिकाला निदानासाठी फार सवड नसते आणि एक दुसराच संशयित त्याला चकवू शकतो. कोकणातील दमट हवेत, इंजिनाची शक्ती कमी ठेवून उतरताना, कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीत बर्फ जमू शकतो. बाहेर २५ अंश तापमान असताना बर्फ कसा, असे नवख्याला वाटते. परंतु पेट्रोलच्या बाष्पीभवनाने व हवेच्या प्रसरणाने आतले तापमान वीस अंशांनी वा त्याहूनही अधिक खाली येऊ शकते. या बर्फानेही इंजिन अडखळते. फरक असा की, बर्फाचा परिणाम हळूहळू वाढतो आणि कार्ब्युरेटरला गरम हवा दिली की क्षणभर अधिक अडखळून मग निवळतो. अडकलेल्या व्हॉल्व्हची थडथड एकाएकी सुरू होते, तिला ठरावीक ठेका असतो आणि गरम हवेने तिच्यात काही फरक पडत नाही. इंधन थेट सिलिंडरच्या तोंडाशी फवारणाऱ्या नव्या सेसना १७२ मध्ये कार्ब्युरेटरच नसल्याने हा संशयित आपोआप बाद होतो.

निदानाची पायरी

जमिनीवरचे निदान ही खरी कसोटी. विमानाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना वीज पुरविणारे मॅग्नेटोही दोन. उड्डाणापूर्वी वैमानिक इंजिन १,७०० ते १,८०० फेऱ्यांवर नेऊन आलटून पालटून एकेक मॅग्नेटो बंद करतो. एकाच मॅग्नेटोवर इंजिन खडबडले तर दोष प्लगचा किंवा त्याच्या तारेचा असतो. दोन्हींवर सारखेच खडबडले तर ठिणगी निर्दोष आहे, कारण दुसरीकडे शोधावे लागेल. ही चाचणी उत्तम आहे, पण तिची वेळ चुकीची आहे. ती होईपर्यंत इंजिन तापलेले असते आणि अडकलेला व्हॉल्व्ह सुटलेला असतो. आरोपी पळून गेल्यावर पंचनामा करावा, तसा हा प्रकार होतो.

म्हणून अनुभवी अभियंता विमान रात्रभर थंड होऊ देतो आणि पहाटे स्वतः हजर राहून इंजिन सुरू करवतो. थरथर सुरू असतानाच इंजिन बंद केले जाते आणि लगेच चारही एक्झॉस्ट नळ्यांचे तापमान पाहिले जाते. पूर्वी हे काम ओल्या फडक्याने होत असे. गरम नळीवर पाणी चरचरते, थंड नळीवर ते तसेच ओघळते. आता पिस्तुलासारखा अवरक्त तापमापक रोखला की आकडा दिसतो. जो सिलिंडर थंड, तो गुन्हेगार. ज्या विमानांत प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टचे तापमान नोंदविणारे यंत्र असते, तेथे हेच काम आलेखावरून होते. तीन रेषा एकदम वर चढलेल्या दिसतात आणि चौथी मिनिटभर खाली रेंगाळून मग त्यांना गाठते. जुन्या प्रशिक्षण विमानांत मात्र अशी यंत्रे क्वचितच असतात. तेथे नाक, कान आणि बोटे यांवरच भिस्त असते.

सिलिंडर सापडला म्हणून व्हॉल्व्ह दोषी ठरत नाही. प्लगमध्ये शिशाचे मणी अडकूनही सिलिंडर थंड पडतो. त्या सिलिंडरचे प्लग शेजारच्या सिलिंडरला लावले आणि दुखणेही शेजारी गेले, तर प्लग बदलून काम भागते. दुखणे जागेवरच राहिले तर पुढची पायरी दाबाच्या चाचणीची. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाने हवा भरतात आणि किती दाब टिकतो ते पाहतात. गळती कोठून होते ते कानाने कळते. एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा आत घेण्याच्या मार्गातून आली तर दुसरा व्हॉल्व्ह, आणि तेल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा.

येथे पुन्हा एक फसगत संभवते. ही चाचणी प्रथेप्रमाणे इंजिन गरम असताना केली जाते. जळून कडा खराब झालेला व्हॉल्व्ह तीत नेमका पकडला जातो, कारण तो सदैव गळतो. अडकणारा व्हॉल्व्ह मात्र गरम इंजिनात निरोगी व्हॉल्व्हसारखा बसतो आणि ८० पैकी ७६-७८ चे उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण होतो. सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घालून पाहिल्यावरही हेच घडते. जळका व्हॉल्व्ह एका बाजूला रंग बदलून आपली ओळख देतो, अडकणाऱ्याचा चेहरा स्वच्छ असू शकतो, कारण त्याचे दुखणे दांड्यात लपलेले असते. त्यापेक्षा जुनी युक्ती अधिक कामाची ठरते. मॅग्नेटो बंद असल्याची खात्री करून थंड इंजिनाचा पंखा हाताने सावकाश फिरवायचा. निरोगी इंजिनात चार वेळा सारखाच प्रतिकार जाणवतो. एखादा फेरा ढिला गेला तर तेथे काही तरी उघडे राहिले आहे. हे काम जोखमीचे आहे. मॅग्नेटोची तार तुटलेली असली तर 'बंद' इंजिनही ठिणगी देऊ शकते. म्हणून पंखा नेहमी जिवंत आहे असे मानूनच त्याला हात लावतात.

अखेरीस रॉकरवरचे झाकण उघडले जाते. चारही सिलिंडरांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर किती खाली जातात याची तुलना केली जाते. पुशरॉड काढून सपाट काचेवर घरंगळवला तर त्याचा अगदी बारीक वाकही दिसतो. त्यानंतरची मोजणी लायकॉमिंगच्या ३८८ क्रमांकाच्या सर्व्हिस बुलेटिनमध्ये ठरवून दिली आहे. तिला 'वॉबल टेस्ट' म्हणतात. स्प्रिंगा काढून, व्हॉल्व्हच्या दांड्याला जोडलेल्या डायल गेजवर तो गाईडमध्ये बाजूला किती डुलतो ते इंचाच्या हजारांश भागात पाहतात. फार डुलला तर गाईड झिजले आहे. ठरलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी डुलला तर आत किटण आहे. जुन्या धर्तीच्या गाईडसाठी विमानांना दर ४०० तासांनी व हेलिकॉप्टरना ३०० तासांनी ही तपासणी सांगितलेली आहे, आणि शंका आल्यास त्याआधीच करावी अशी सूचना आहे.

दोरीचा उपचार

उपचार ऐकून सर्वसामान्य वाचकाला आश्चर्य वाटेल. सिलिंडर इंजिनापासून सुटा न करताच तो होऊ शकतो. प्लगच्या भोकातून नायलॉनची स्वच्छ दोरी सिलिंडरमध्ये भरतात आणि पंखा हलकेच फिरवून पिस्टन वर आणतात. दोरीचा गोळा व्हॉल्व्हला खालून आधार देतो, त्यामुळे स्प्रिंगा दाबून काढता येतात. मग दोरी बाहेर ओढून व्हॉल्व्ह सिलिंडरच्या आत सोडतात, गाईडमध्ये अचूक मापाचा रीमर फिरवून किटण खरवडतात आणि दांडा प्लगच्या भोकातून पकडून घासून स्वच्छ करतात. निसटलेला व्हॉल्व्ह पुन्हा गाईडमध्ये ओवणे हे कामातले सर्वांत चिकाटीचे प्रकरण. खरवडलेली धूळ आत राहू नये याचीही काळजी घ्यावी लागते. लायकॉमिंगच्या १४२५ क्रमांकाच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शनमध्ये व्हॉल्व्ह अडकू नये म्हणून घ्यावयाची काळजी व देखभाल सांगितली आहे. पुशरॉड वाकला असेल किंवा गाईडच झिजले असेल तर मात्र सिलिंडर उतरवावाच लागतो.

हे काम कोणीही करून चालत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा विमान देखभाल अभियंत्याचा परवाना असलेल्या व्यक्तीने ते प्रमाणित करावे लागते. पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी बी १.२ हा त्या परवान्याचा प्रवर्ग आहे.

नोंदवहीतील दोन ओळी

तंत्र अवघड नाही. अवघड आहे ते इंजिन 'बरे' झाल्यानंतरही विमान जमिनीवर ठेवण्याचा निर्णय. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यातील प्रत्येक तासाचे पैसे विद्यार्थ्याचे कुटुंब मोजत असते. पावसाळ्यात दिवसेंदिवस उड्डाणे होत नाहीत, त्यामुळे हवा मोकळी झाली की प्रत्येक विमानाला मागणी असते. अशा वेळी नोंदवहीत 'सुरू करताना इंजिन थरथरले, नंतर ठीक' अशी ओळ येते आणि तिच्यासमोर 'जमिनीवर चालवून पाहिले, दोष आढळला नाही' असे उत्तर पडते. दोन्ही ओळी खऱ्या असतात. दुसरी ओळ लिहिताना इंजिन थंड होते की गरम, एवढेच तिच्यात नसते. असे उत्तर एकाच विमानासमोर आठवडाभरात दोनदा दिसले, तर ते विमान पहाटेच्या तपासणीसाठी थांबवायला हवे. कोणत्या सेकंदाला थरथर सुरू झाली, किती टिकली, बाहेर तापमान किती होते आणि विमान आदल्या दिवशी किती तास उडाले होते, एवढे वैमानिकाने लिहिले तरी अभियंत्याचे अर्धे काम होते.

पावसाळ्याची ही अडचण जुनीच आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. त्यानंतरच्या वर्षांत पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई आणि विमानसेवा पुण्याला हलवावी लागे. त्या पुस मॉथचे जिप्सी इंजिन चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे आणि १२० अश्वशक्तीचे होते. आजच्या सेसना १७२ चे इंजिनही चार सिलिंडरांचे, हवेनेच थंड होणारे आणि १६० ते १८० अश्वशक्तीचे आहे. नव्वद वर्षांत संगणकाने जेट इंजिनांचे रूप पालटले, छोट्या विमानाचे इंजिन मात्र आजोबांनी ओळखावे असेच राहिले. १९२८ मध्ये जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण प्रशिक्षण आता धुळ्याहून चालते. बारामतीच्या धावपट्टीवरही प्रशिक्षण विमाने उडतात. तेथील कोरड्या उन्हाळ्यात दमटपणाचा त्रास कमी, पण उष्णतेचा अधिक. व्हॉल्व्ह अडकण्याचे प्रकार उष्ण हवेत जास्त होतात, असे लायकॉमिंगचे निरीक्षण आहे.

प्रतिबंधाचे उपाय साधे आणि कंटाळवाणे आहेत. तेलाला फिल्टर असेल तर ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, केवळ जाळी असेल तर २५ तासांनी तेल बदलणे. सिलिंडरभोवती हवा वळविणाऱ्या पत्र्यांच्या कडांचे रबर फाटले नाही ना ते पाहणे, कारण तेथून हवा निसटली की मागचे सिलिंडर भाजून निघतात. जमिनीवर मिश्रणातील इंधन कमी ठेवणे. उतरल्यावर लगेच इंजिन बंद न करता त्याला थोडे निवू देणे. यांतील चार महिन्यांची अट आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाण्याजोगी आहे, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानाचे ५० तास भरतच नाहीत. तेल मात्र ओलावा आणि आम्ल धरून बसलेले असते.

मूळ कारण असलेले शिसे कधी जाईल, हा वेगळा प्रश्न आहे. भारत हे इंधन पूर्वी आयात करीत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीत तयार केलेले १०० एलएल बाजारात आणले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पहिली निर्यात झाली, तीही रायगड जिल्ह्यातील उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून पापुआ न्यू गिनीला. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २०२२ मध्ये एका शिसेरहित इंधनाला पिस्टन विमानांसाठी व्यापक मान्यता दिली असून शिशाचे इंधन २०३० अखेरपर्यंत संपविण्याचे तेथील उद्दिष्ट आहे. नवे इंधन आले तरी करपलेल्या तेलाचे किटण राहीलच. व्हॉल्व्ह अडकण्याचे प्रमाण त्याने कमी व्हावे, इतकेच म्हणता येते.

दुरुस्तीनंतरची चाचणीही पुन्हा थंड इंजिनावरच घ्यावी लागते. दुपारी गाईड साफ करून, झाकणे बसवून इंजिन चालवले आणि ते गुळगुळीत चालले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तसे ते आधीही चालतच होते. विमान रात्रभर उभे राहते, पहाटे अभियंता तापमापक घेऊन येतो, इंजिन सुरू होते आणि पहिल्या मिनिटात चारही नळ्या एकाच वेगाने तापतात की नाही, हे पाहिल्यावरच नोंदवहीत सही होते.